नदीत मशीन किती चालू होती?

गेली अकरा वर्षं मी चिपळूणची वाशिष्ठी नदी रंगवतोय. परशुराम घाटातून, गोवळकोटच्या धक्क्यावरून, आणि उन्हाळ्यात जास्त करून खडपोली-पिंपळीच्या बाजूने, कारण मे महिन्यात आसपासच्या वाड्यांवर टँकर यायला लागले तरी तिथे पाणी दिसतं, आणि जलरंगात काम करणाऱ्याला पाणी दिसलं की बाकी काही सुचत नाही.

मागच्या महिन्यात शेजारचे काका घरी आले होते, पोफळीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेत. भिंतीवरचं एक चित्र त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "मे मधलं ना रे? संध्याकाळचं? मशीन बरीच चालू असणार तेव्हा." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी चित्रातल्या दगडांवरची ओली रेघ दाखवली, पाणी किती चढलंय ते. संध्याकाळी विजेची मागणी वाढते, पॉवर हाऊसची मशीन सुरू होतात, अवजल म्हणजे वीज करून झालेलं पाणी सुटतं आणि नदी चढते. मी जिला उन्हाळ्यातली शांत नदी म्हणून रंगवत होतो ती त्यांनी ड्युटीच्या रजिस्टरसारखी वाचली.

आपल्याकडे हे सगळ्यांना माहिती असतं आणि तरी कोणाच्या मनात नसतं. कोयना खरं तर कराडला जाऊन कृष्णेला मिळणारी नदी, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागराचं. ते धरणात अडवून सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणलं, पोफळीला आणि पुढे कोळकेवाडीला वीज तयार झाली की उरतं ते अवजल, आणि ते वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला. कृष्णा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलंय. १९६० च्या दशकापासून हे चालू आहे, म्हणजे माझ्या पिढीने या पाण्याशिवायची वाशिष्ठी बघितलेलीच नाही. आणि त्या धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यातली कितीतरी माणसं पार सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली, ती पण माझ्या एकाही चित्रात नाहीत.

काका गेल्यावर मी रात्रभर ओवेन्स व्हॅलीबद्दल वाचत बसलो, तिथलंही पाणी असंच दुसरीकडे नेलंय. कॅलिफोर्नियातलं हे खोरं, सिएरा नेवाडाच्या पूर्वेला, पाऊस जवळपास नाहीच पण डोंगरावरच्या बर्फाचं पाणी खाली येतं. तिथले मूळचे पायूट लोक त्याला पायाहूनाडू म्हणतात, सतत पाणी वाहतं ती जागा, आणि गोरे लोक यायच्या आधीपासून ते पाट काढून जमीन भिजवायचे. १९१३ मध्ये लॉस एंजेलिस शहराने साधारण ३७५ किलोमीटरचा कालवा बांधून ते पाणी नेलं, एकही पंप न लावता, फक्त उतारावर. ओवेन्स तलाव २८० चौरस किलोमीटरच्या आसपास होता, १९२० च्या दशकातच आटला, आणि मग त्याच्या तळाची खारट धूळ उडायला लागली, इतकी की पुढे अमेरिकेतला श्वासात जाणाऱ्या बारीक धुळीचा तो सगळ्यात मोठा एकटा स्रोत ठरला. आता तीच धूळ बसवायला शहर तलावात थोडं थोडं पाणी सोडतंय आणि खडी पसरतंय, त्यावर अब्जावधी डॉलर गेलेत.

मला बघायचं होतं की चित्रकारांनी, फोटोग्राफरांनी याचं काय केलं. कारण नसलेलं पाणी दाखवायचं कसं? डेव्हिड मेझेल विमानातून त्या आटलेल्या तलावाचे फोटो काढतो, उरलेल्या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तळ लाल झालाय, आणि फोटो इतके सुंदर आहेत की बघताना मला अपराधी वाटलं. लॉरेन बॉन या कलाकाराचं काम मला जास्त भिडलं. कालव्याला १०० वर्षं झाली तेव्हा २०१३ मध्ये तिने १०० खेचरं घेऊन खोऱ्यापासून शहरापर्यंत कालव्याच्या कडेने पायी यात्रा काढली, जवळपास महिनाभर, कारण कालवा बांधताना लोखंडी पाइप खेचरांनीच ओढले होते. पाणी कुठून येतं हे शहराला नकाशा दाखवून नाही कळत, त्याच्या दारात जनावरं उभी करावी लागतात, असं मला तरी वाटलं.

पण झोप उडाली ती एका जुन्या फोटोने. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सल अॅडम्सचा १९४४ चा, त्याच खोऱ्यातल्या लोन पाइन गावचा हिवाळ्यातला सूर्योदय, मागे उजळलेला बर्फ, पुढे काळी टेकडी, खाली चरणारा घोडा. त्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाची दोन आद्याक्षरं मांडलेली होती, ती अॅडम्सने निगेटिव्हवरून पुसली. इतका मोठा माणूस, त्याच्या कामावर माझं मनापासून प्रेम आहे, पण मला ते पटत नाही.

पटत नाही कारण मी तेच केलंय, अकरा वर्षं. पोफळीकडून येणाऱ्या हाय टेन्शनच्या तारा, टॉवर, अवजल कालव्याची सिमेंटची भिंत, सगळं गाळलं. कागदावर फक्त झाडं, पाणी, एखादी होडी. लोकांना आवडतं, घरात लावायला बरं दिसतं, पण ती जागा तशी नाहीये. मधूनमधून पेपरात येतं की हे अवजल मुंबईला नेणार, चिपळूणात त्याची चर्चा पण होते, पण माझी चित्रं बघून कोणाला कळणार पण नाही की नदीत नेण्यासारखं काही आहे ते कुठून आलंय.

परवा रविवारी पिंपळीला गेलो, काकांना सोबत घेऊन. दुपारी साडेतीनला बसलो, पाणी खाली होतं, काळे दगड उघडे. भिंतीसकट कालवा काढला, सिमेंटचा करडा रंग नीट जमला नाही, फार निळा झाला. सहाच्या सुमारास पाणी चढायला लागलं तसा मी त्याच कागदावर पाण्याची दुसरी रेघ मारली, काका वेळ सांगत होते आणि मी ती पेन्सिलने कडेला लिहीत होतो. साडेसहाला मी आधी काढलेले सगळे दगड बुडाले. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत, सकाळी लवकर, पाणी उतरलेलं असतं तेव्हा.