दोन लाख किलोमीटर आणि गिअरबॉक्सचं तेल
आज बेळगावच्या उद्यमबागेत एकाच प्रश्नावर दुपार गेली: दोन लाख पळालेली ऑटोमॅटिक गाडी, गिअरबॉक्स ऑइल एकदाही बदललेलं नाही. आता बदलावं की हातच लावू नये?

आधी पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. लालसर-तपकिरी डाग, वास साधा, तर खुशाल बदला. तेल काळं, वास करपल्याचा, आणि चोर्ला घाटात इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेटा झिजल्यात. नवं तेल त्या भरून काढत नाही. "तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" म्हणतात ना, तो बहुतेक वेळा आधीच गेलेला असतोय.

मशीन लावून फ्लश, म्हणजे दाबानं सगळं तेल धुऊन काढणं, मात्र नको. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेल फिरवून गिअर बदलणारा भाग) बारीक वाटांत अडकतो. नुसतं ड्रेन करा, म्हणजे खालून तेल गळू द्या, पण आधी तेल भरायचा प्लग सुटतोय का बघा. तोच जाम निघाला तर गाडी तिथंच बसली. साधारण 3-4 लिटर निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) राहतं. निघालं तेवढं मोजून भरा, लेव्हल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच बघा. 1000 किलोमीटरनं पुन्हा एकदा.

पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं ताट, उतरवला तर फिल्टर, गॅस्केट नवं. पॅनमधल्या चुंबकावर मऊ करडी पेस्ट चालतंय. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर तेलावर पैसे घालू नका.

सीव्हीटीला (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) तिचंच तेल, साधं एटीएफ, म्हणजे नेहमीचं ऑटोमॅटिकचं तेल, अजिबात नाही. आणि एएमटीवाल्यांनो, तुमचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच आहे, फक्त क्लच-गिअर यंत्र टाकतं, यातलं काही मनावर घेऊ नका.