मेंढपाळाची घोंगडी

घरी आम्ही गॅदरिंग म्हणायचो, शाळेत त्याला कॉन्सर्ट म्हणत. डिसेंबर लागला की वेळापत्रक नावापुरतं उरायचं. गणिताच्या तासाला दारात कुणीतरी चिठ्ठी घेऊन उभा राहायचा, चार नावं वाचली जायची आणि ती चार मुलं वह्या तशाच उघड्या टाकून तालमीला पळायची. आपलं नाव त्या चिठ्ठीत असावं म्हणून मी किती वाट पाहिली आहे!

वांद्र्याच्या हिल रोडवर, सेंट पीटर्स चर्चच्या शेजारी आमची शाळा, सेंट स्टॅनिसलॉस. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या फादरांची, 1863 साली अनाथ मुलांसाठी सुरू झालेली, आणि माझ्या वेळी फक्त मुलांची. 1974 ला मी पहिलीत गेलो आणि 1984 ला दहावी होऊन बाहेर पडलो. बाबा मंत्रालयात कारकून होते आणि आमचं बिऱ्हाड पूर्वेला सरकारी वसाहतीत. रोज रेल्वेचा पूल चढून-उतरून, लकी हॉटेलच्या कोपऱ्यावर वळून हिल रोडला लागायचं. पुलाच्या या बाजूला मी मराठीत विचार करायचो आणि त्या बाजूला इंग्रजीत, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

वर्षात जमायचे दिवस तसे बरेच. 31 जुलैला जेझुइटांच्या संस्थापकाचा, संत इग्नेशियसचा सण. तो भर पावसात यायचा, त्यामुळे त्याच्या आठवणीत मला अजून ओल्या रेनकोटांचा वास येतो. खेळांच्या दिवशी संचलन, ड्रमचा ठेका, चुन्याने आखलेले ट्रॅक. बक्षीस समारंभाचं फार सांगण्यासारखं नाही, कारण मी नेहमी टाळ्या वाजवणाऱ्यांत असायचो. नोव्हेंबरच्या 13 तारखेला आमच्या संताचा सण, आणि दुसऱ्या दिवशी बालदिन. दिवाळीची सुट्टी आडवी आली नाही तर दोन दिवस लागोपाठ मजा. संत स्टॅनिसलॉस कोस्त्का हा पोलंडमधला सरदारघराण्यातला मुलगा. जेझुइट व्हायचं म्हणून घरच्यांच्या मनाविरुद्ध तो सतराव्या वर्षात व्हिएन्नाहून पायी निघाला, गरीब यात्रेकरूच्या कपड्यांत रोमला पोचला, आणि 1568 साली, अठरा पूर्ण व्हायच्या आत गेला. ही गोष्ट मी घरी आजीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी वारीच की रं ही. आनि एवढ्या ल्हान वयात?" आणि तिने हात जोडले. कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

सणाच्या दिवशी माजी विद्यार्थी आणि शाळेचा संघ असा हॉकीचा सामना व्हायचा, तो मात्र चुकवणं शक्य नव्हतं. आमच्या शाळेत हॉकीची काठी म्हणजे दप्तराइतकी साधी गोष्ट. पुढे 2004 ला अथेन्स ऑलिंपिक खेळलेला वीरेन रस्किन्हा याच शाळेचा. त्याचं नाव पेपरात वाचलं तेव्हा आमचं लाल मातीचं मैदान आणि खरचटलेले गुडघे डोळ्यांपुढे आले.

पण कॉन्सर्ट तो कॉन्सर्टच. फक्त मुलांची शाळा म्हटल्यावर नाटकातल्या राण्या, आया, म्हाताऱ्या सगळ्या आम्हीच. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. 1980 साली, मी सातवीत असताना, ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात मरिया झाला तो आमच्या वर्गातला सगळ्यात दांडगा फुलबॅक. आदल्याच आठवड्यात त्याचा गुडघा फुटला होता. निळ्या वस्त्राखाली बँडेज बांधून तो अर्धा तास बाळावर नजर ठेवून गुडघ्यांवर बसला, आणि एकदाही कण्हला नाही.

त्या चिठ्ठीत त्या वर्षी माझंही नाव आलं. तीन मेंढपाळांपैकी मी दुसरा. वाक्य नव्हतं, नुसतं उभं राहायचं. मिसनी सांगितलं होतं, घरून जुनी चादर नाहीतर मोठा टॉवेल आणा, डोक्याला बांधायला एक फडकं आणा. मी आईकडे चादर मागितली. आजी शेवया वळत बसली होती, तिने विचारलं, "चादर कशाला?" मी म्हटलं, मेंढपाळ व्हायचंय. तिने हातातलं काम खाली ठेवलं. आमचं गाव माण तालुक्यातलं. तिच्या सगळ्या आयुष्यात धनगर दर वर्षी आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचे. लेंड्यांचं खत रानाला, आणि त्यांना धान्य. मेंढपाळ चादर पांघरतो हे तिला मान्य होणंच शक्य नव्हतं. पत्र्याच्या ट्रंकेतून तिने आजोबांची काळी घोंगडी काढली. आजोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि तिने ती कुणाला हात लावू दिली नव्हती.

मग तिने मला शिकवलं. घोंगडीची खोळ कशी करायची, मुंडासं कसं गुंडाळायचं. आणि उभं कसं राहायचं. "असा शिपायागत न्हाई. काठी काखंत घ्यायची, सगळा भार तिच्यावर, आनि एक पाय दुसऱ्या पायावर. तासन्‌तास असं उभं ऱ्हात्यात." गुडघा दुखत होता तरी तिने वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत लाटणं काखेत धरून उभं राहून दाखवलं.

तालमीला मी तसा उभा राहिलो तर सगळं थांबलं. मिसनी जवळ येऊन घोंगडीला हात लावला, वास घेतला, आणि बाकी दोघांना म्हणाल्या, तुम्हीही असेच उभे राहा.

कॉन्सर्टच्या दिवशी आजी आली. शाळेत यायची तिची ती पहिलीच वेळ. हिल रोड तिला नवा नव्हता. दर सप्टेंबरला ती मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेला जायची आणि त्याच वर्षी गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहून आली होती. पण शाळेच्या आवारात ती बिचकली. मैदानात भाड्याच्या खुर्च्या, झगे घातलेल्या बायका, सूट घातलेले पुरुष, सगळीकडे इंग्रजी. पडद्याच्या फटीतून मी पाहत होतो. ती नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती.

थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर तिच्या शेजारी लाल चौकडीचं लुगडं नेसलेली एक म्हातारी बसली होती, आणि दोघी बोलत होत्या. ती माझ्या बाकावरच्या दोस्ताची आजी, रनवार गावातली. रनवार म्हणजे वांद्र्यातलंच जुनं ईस्ट इंडियन गाव, शाळेपासून चालत काही मिनिटांवर. ईस्ट इंडियन म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती. पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा घेतलेले, आणि हे नाव त्यांनी घेतलं ते 1887 साली, स्वतःची संस्था काढताना. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की हा दोस्त वर्गात कधी मराठी बोलत नाही, आणि मराठीच्या वहीत 'पाणी'चं 'पानी' लिहितो म्हणून त्याला लाल खुणा मिळतात.

आणि त्याची आजी माझ्या आजीला म्हणत होती, थांब, तुला पानी आणते.

मी फटीपाशी तसाच उभा राहिलो. दोस्त माझ्या मागे होता, तिसऱ्या मेंढपाळाच्या वेषात. त्यानेही ऐकलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. पण त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत, आम्ही दोघंच असलो की तो माझ्याशी त्याच्या घरच्या मराठीत बोलायला लागला, आणि मी माझ्या आजीच्या.

दोघींचं बोलणं मसाल्यावर गेलं होतं म्हणे. त्यांचा बाटलीतला मसाला, मे महिन्यात उन्हात वाळवून बायकांनी कुटलेला, काळ्या बाटल्यांत ठासून भरलेला. आमचा कांदा-लसूण मसाला, बरणीतला. दोन्हींत मिरची किती, कुटताना कोण शिंकतं, सुनेला कितपत जमतं. समोर स्टेजवर इंग्रजी भाषणं चालली होती. देवदूत आले, गोठ्यावर तारा लागला, कॅरल सुरू झाली, तेव्हा कुठे दोघी गप्प झाल्या. मी काठीवर भार टाकून, पायावर पाय ठेवून उभा होतो. अंधारात आजी दिसत नव्हती, पण त्या म्हातारीला तिने हळू आवाजात सांगितलेलं मला ऐकू आलं: "ती घोंगडी आमच्या मालकांची."

परत जाताना आजीच्या पिशवीत केळीच्या पानात बांधलेले फुगे होते. आंबवलेल्या पिठाचे, तळलेले, ईस्ट इंडियन घरात नाताळला हमखास होणारे. आणि घोंगडी नव्हती. ती तिने मिसकडे ठेवून दिली. बाबा रेल्वेच्या पुलावर थांबून म्हणाले, "आई, अगं दादांची ती." आजी कठड्याला धरून चढत राहिली. "राहू दे तितंच. पोरांना लागंल."

ती शाळेच्या कपड्यांच्या पेटीत राहिली. आठवीत ती दुसऱ्याच मुलाच्या अंगावर पाहिली तेव्हा मला जरा लागलं, हे खरं सांगतो. नववीत नाही लागलं. दहावीच्या वर्षी, 1983 च्या डिसेंबरात, आम्हाला पूर्वपरीक्षेमुळे काम नव्हतं. मी आणि माझा रनवारचा दोस्त नुसते खुर्च्या मांडायला होतो. आजी त्या श्रावणात गेली होती. स्टेजच्या मागे गेलो तर पाचवीतला एक काडीसारखा मुलगा घोंगडीत बुडून, काठी बंदुकीसारखी धरून ताठ उभा होता.

मी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसलो, काठी त्याच्या काखेत सरकवली आणि त्याचा उजवा पाय उचलून डाव्या पायावर ठेवला. तो डगमगला. दोस्ताने मागून त्याला खांद्याला धरलं आणि म्हणाला, "भार टाक काठीवर. पडत नाय तू."