वॉशिंग मशीनचा पीसीबी बदलण्याआधी मोजून पाहिला

ऐरोलीतल्या आमच्या घरचं टॉप लोड वॉशिंग मशीन ऐन पावसाळ्यात बिघडलं. स्टार्ट दाबलं की रिले (विजेवर चालणारा स्विच) टक् वाजायचा, डिस्प्ले विझायचा, परत उजळायचा, आणि पुन्हा तेच. मेकॅनिक आले, पॅनल न उघडताच म्हणाले, "ताई, पीसीबी गेलाय. नवाच टाकावा लागेल." पीसीबी म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड; किंमत साडेसहा हजार. बोर्ड गेला असेलही, पण त्यातलं नेमकं काय गेलं हे मोजल्याशिवाय एवढे पैसे टाकायला माझं मन तयार होईना. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे, मल्टिमीटर घरात होताच.

प्लग काढला, कनेक्टर कुठले कुठे आहेत त्याचे फोटो घेतले आणि बोर्ड टेबलावर आणला. मोटर नाही, पाण्याचा व्हॉल्व्ह नाही, नुसता बोर्ड. सिरीज बल्बमधून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, सप्लाय दिला. ६० वॉटचा पिवळा बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला, म्हणजे शॉर्ट नाही. तो भक्क पेटत राहिला असता, तर संशय व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) किंवा ब्रिज रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणारा भाग) गेला असता. मग स्टार्ट दाबलं, तर टेबलावरही तेच टक्-टक्! मला फार आनंद झाला. मोटर, व्हॉल्व्ह आणि मशीनचं वायरिंग तिथेच निर्दोष सुटलं.

हे घरी करू पाहणाऱ्यांना कळकळीने सांगते: मेनचे २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की मोठ्या कॅपेसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभे राहतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. मी ते बल्बमधून उतरवते आणि मीटरने खात्री करते. शिवाय अशा बऱ्याच बोर्डांत सप्लाय मेनपासून वेगळा केलेला नसतो, त्यामुळे ५ व्होल्टच्या लाइनलाही चालू असताना बोट लावायचं नाही. हाताला सवय नसेल तर जाणकाराला सोबत घ्या.

मीटरचे प्रोब टेकवले. मोठ्या कॅपेसिटरवर ३२०च्या आसपास, ठीक. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.६, तेही ठीक. पण स्टार्ट दाबून रिले ओढला गेला की हा आकडा धाडकन सहाच्या खाली. इथे सगळं उलगडलं. ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला आत किमान ७ व्होल्ट लागतात. तेवढे मिळाले नाहीत की मायक्रोकंट्रोलर (बोर्डाचा मेंदू) रीसेट होतो, रिले सुटतो, लोड जातो, व्होल्टेज वर येतं आणि चक्र पुन्हा सुरू.

संशय १२ व्होल्टची लाइन स्थिर ठेवणाऱ्या ४७० मायक्रोफॅरड कॅपेसिटरवर. दिसायला अगदी धडधाकट, डोकं फुगलेलं नाही, गळती नाही. बोर्डावर ओलाव्यासाठी ओतलेला पारदर्शक थर हेअर ड्रायरने मऊ करून लाकडी काडीने खरवडला, त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. कॅपेसिटर सोडवून लोकलने ठाण्याला नेला. नौपाड्यात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दादांकडे ईएसआर, म्हणजे कॅपेसिटरचा आतला रोध, मोजणारा मीटर आहे. १ ओहमच्या बराच आत हवा तो आकडा चारच्या वर निघाला. दादा म्हणाले, "आतून सुकलाय हा. प्लग कायम चालू ठेवता ना?" बरोबर होतं. आमच्या मशीनचा पॉवर सप्लाय मशीन बंद असतानाही गरम राहतो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कॅपेसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

त्यांच्याकडूनच १०५ अंशांपर्यंत चालणारा, लो ईएसआर, २५ व्होल्टचा कॅपेसिटर वीस रुपयांत घेतला. प्लस-मायनस बघून सोल्डर केला. आता रिले ओढल्यावरही १२ व्होल्टची लाइन जागची हलत नाही. खरवडलेल्या जागी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लावलं. व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन तांब्याला खातं, ते बोर्डावर नको. थर रात्रभर सुकू दिला, बोर्ड बसवला, आणि पहिल्याच धुण्यात मशीन स्पिनपर्यंत न थांबता गेलं. धुणं झालं की भिंतीवरचा स्विच बंद करायचा, एवढं आता घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.