रिंग अखेर थ्रू! (एफडीडीआय लॅब, पुढची खबर)

एफडीडीआय म्हणजे फायबरवर रिंगच्या आकारात जोडलेलं जुन्या काळचं नेटवर्क. कालपासून माझी रिंग एकदाही रॅप (एक जोड तुटली की तिथून उलटी वळणं) झालेली नाही. दोन्ही सिस्को ४७०० राउटर आणि डीईएफपीए या एफडीडीआय कार्डवाला लिनक्स पीसी, तिन्हीकडे सीएफएम (रिंगशी जोडणीची स्थिती) ‘थ्रू’, म्हणजे रिंग न वळता पूर्ण.

आधीचं दुखणं असं होतं. दुसऱ्या राउटरचा फाय-ए (रिंगला जोडणाऱ्या दोन पोर्टांपैकी एक) ‘अॅक्टिव्ह’ व्हायचा, जरा टिकायचा, की परत ‘कनेक्ट’, म्हणजे जोडणी पुन्हा पहिल्यापासून. कोटी बिटांमागे एक चूक झाली की एलईएम (लिंकवरच्या चुका मोजणारा पहारेकरी) लिंक तोडतो. रॅप होऊन रिंग चालू राहते हे खरं, पण दर वेळी टोकनसाठी (डेटा पाठवायची पाळी देणारी खूण) नव्याने क्लेम होतो आणि पिंग गळतात.

संशय आधी फायबरवरच जातो. पॅच कॉर्ड बदलल्या, फायबरचे एमआयसी कनेक्टर पुसले. लाइट मीटर प्रकाशाची ताकद उणे १८ डीबीएम दाखवत होता. मानकात पाठवणाऱ्या टोकाला उणे २० ते उणे १४ चालतं. म्हणजे प्रकाश ठणठणीत. धागा सापडला तो वेगळाच: थंड मशीन चालू केलं की रॅपवर रॅप, तासाभराने आपोआप शांत. पॉवर सप्लायवर हेअर ड्रायर धरला आणि रिंग बघता बघता स्थिरावली! गारठ्यात बिघडून उबेत सुधारणारा पार्ट म्हणजे बहुतेकदा सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ऑसिलोस्कोप लावला तर ५ व्होल्टवर भरपूर रिपल (व्होल्टेजची थरथर), आणि त्या गोंगाटात रिसीव्हर बिट चुकीचे वाचत होता. काढलेल्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी चिकटा आणि पायांवर हिरवट गंज होता. १०५ अंशांचे लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) नवे बसवले. जुनं सामान विकणाऱ्यांच्या ‘टेस्टेड’वर विसंबू नका, मशीन हातात आल्यावर आधी पॉवर सप्लाय उघडा.

मग ४३५२ बाइटचं पॅकेट तुकडे न करता पाठवलं. इथरनेटच्या १५०० ची सवय झालेल्या डोळ्यांना ते उत्तर बघताना काय आनंद झाला म्हणून सांगू!

आता पुढचं. अमेरिकेतल्या टायसन्स कॉर्नरच्या पार्किंग गॅरेजमधलं एमएई-ईस्ट हे इंटरनेट एक्स्चेंज (प्रोव्हायडरांची नेटवर्क एकमेकांना जोडणारी जागा) १९९२ मध्ये १० मेगाबिट इथरनेटवर सुरू झालं, पुढे एफडीडीआय आणि डेक कंपनीच्या गिगास्विच या स्विचवर गेलं आणि तिथे हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंगने गुदमरलं. रांगेतल्या पहिल्या फ्रेमचा पोर्ट बिझी असला की मागच्या फ्रेम, त्यांचे पोर्ट मोकळे असूनही, अडकून पडतात. गिगास्विच मिळवायचाच असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की ब्लॉकिंग बघायला तो अवजड डबा कशाला हवा? इनपुट रांगांचं सिम्युलेशन पायथनमध्ये सहज होईल. समान विखुरलेल्या ट्रॅफिकला स्विचच्या क्षमतेपैकी २ पोर्टांवर ७५ टक्के, ४ वर ६५.५ आणि पोर्ट वाढत गेले की ५८.६ टक्के, ही १९८७ पासूनची माहीत असलेली मर्यादा आहे. आधी हे आकडे जुळवतो. मग खरी गंमत: सगळ्यांचा ट्रॅफिक एकाच मोठ्या प्रोव्हायडरच्या पोर्टकडे धावतो तेव्हा काय होतं ते बघायचं. एफडीडीआयच्या फ्रेम लांबीने वेगवेगळ्या असतात, त्या कशा धरायच्या यावर कोणी काम केलं असेल तर जरूर सांगा.