निफाडच्या थंडीत घाम

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही निफाडजवळ आमच्या मळ्यात होतो. पारा इतका उतरला होता की दीर पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवत होते, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. घरातले सगळे कानटोप्या आणि गोधड्यांत. मी ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले आणि छातीत कुणी चूल पेटवावी तसं झालं. छातीतून गळ्यात, गळ्यातून कानांत. शाल काढली, स्वेटर काढला, तरी घामाची धार नाकाच्या शेंड्यापर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, या गारठ्यात घाम? ताप उतरतोय का काय?" धाकट्या जावेने नुसत्या डोळ्यांनी विचारलं, आणि मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

मी तेव्हा ४९ची होते. पाळी दीड वर्षापासून मनाला येईल तशी येत होती आणि त्या गणपतीत आली ती शेवटची. अर्थात ती शेवटची होती हे पुढच्या गणपतीलाच कळलं, कारण सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं धरतात. आपल्याकडे साधारण ४६-४७ला जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. म्हणजे मी वेळापत्रकाप्रमाणेच चालले होते. चालले होते म्हणण्यापेक्षा धापा टाकत होते.

मी अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं अकाउंट्स बघते. गोष्ट अंगावर आली की मी ती लिहून काढते, ही सवय नोकरीने लावली. नाशिकला परतल्यावर एक अर्धी वापरलेली वही घेतली आणि रकाने पाडले: तारीख, वेळ, वाफ (म्हणजे अंगातून अशी अचानक उसळणारी गरमी) किती मोठी, रात्री किती वेळा जाग, काय खाल्लं. पहिल्या आठवड्याची सरासरी निघाली दिवसाला अकरा. रात्रीच्या तीन वेगळ्या. जीएसटीच्या ऑडिटला आलेल्या साहेबांसमोर एकदा वाफ आली, तर त्यांना वाटलं आकड्यांत काहीतरी लपवतेय. घरी पंख्यावरून रोजची लढाई. मी पाचवर करायची, हे दुलईतून हात काढून दोनवर आणायचे.

पहिल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "वयाचं आहे, सगळ्यांनाच होतं, सहन करा." जाता जाता वर, "पिशवी काढून टाकली असती तर कटकटच नव्हती." हे वाक्य ऐकून मी जिन्यात थांबले. माझ्या चुलत नणंदेची पिशवी छत्तिशीत काढली, अंडाशयांसकट. तिला दुसऱ्या आठवड्यापासूनच वाफा सुरू झाल्या आणि त्या का येतात हे कुणी सांगितलं नाही. अंडाशयं गेली की त्यांत बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एका रात्रीत जातं. आमच्यासारख्यांचं तरी हप्त्याहप्त्याने जातं. कटकट जाते कुठली, उलट आगाऊ येते.

मग मी 'नॅचरल'कडे वळले. पंचवटीतल्या एका वैद्यांकडून शतावरी कल्प आणला, रोज रात्री दुधातून. जावेने जवसाची चटणी पाठवली. एका मैत्रिणीने इव्हिनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल दिल्या. चहाच्या जागी बडीशेपेचं पाणी. कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी चालणं. मी आयुर्वेदाची टिंगल करणारी बाई नाही, बाळंतपणात शतावरी मीही खाल्लीय. पण वही खोटं बोलत नाही. शतावरीच्या पहिल्या दोन आठवड्यांत अकराच्या आठ झाल्या. मी वैद्यांना फोन करून आभारसुद्धा मानले. पाचव्या आठवड्यात पुन्हा अकरा. आता कळतं की यात माझं काही वेगळं नव्हतं. वाफांवरच्या औषधांच्या चाचण्यांत ज्यांना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी देतात त्यांच्याही वाफा सुरुवातीला बऱ्यापैकी कमी होतात. म्हणून "मला गुण आला" एवढ्यावर कुठलंही औषध पास करता येत नाही. प्रिमरोजने काहीच झालं नाही, फक्त ढेकर आले. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होन्स नावाच्या घटकांचा काही जणींना थोडा उपयोग होतो, काहींना होत नाही. माझं नाव दुसऱ्या यादीत. 'ब्लॅक कोहोश' नावाची परदेशी मुळी मात्र मी मागवता मागवता थांबले, कारण तिने क्वचित लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

चालण्याने वाफा कमी झाल्या नाहीत. पण झोप सुधारली, आणि ऑफिसात पोरांवर खेकसणं कमी झालं. ते मी वहीत वेगळ्या रकान्यात मांडलं, कारण एका खात्याची जमा दुसऱ्यात दाखवणं मला जमत नाही. आणखी एक सापडलं: संध्याकाळची झणझणीत मिसळ आणि रात्रीची वाफ यांचं नातं सख्ख्या बहिणींचं. नाशिकात राहून मिसळ सोडणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. मी ती सोडली नाही, सकाळवर आणली.

दिवाळीनंतर गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. वही बघून त्या खूश झाल्या आणि वाफ का येते ते त्यांनी समजावलं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग अंगाचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही पेशी बिथरतात आणि जराशी ऊब वाढली तरी "आग लागली, घाम सोडा" असा हुकूम निघतो. म्हणजे निफाडच्या ओट्यावर मला चहाच्या कपाने पेटवलं होतं. धडधडीसाठी ईसीजी, थायरॉइडची तपासणी, बीपी, कोलेस्टेरॉल, सोनोग्राफी, मॅमोग्राफी असं सगळं त्यांनी आधी करून घेतलं. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, लिव्हरचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांतलं काही आहे का ते दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला हार्मोन देता येईल."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कॅन्सर?"

त्यांना याची सवय असावी. २००२च्या जुलैत अमेरिकेतली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' ही मोठी चाचणी, म्हणजे तिचा दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग, मध्येच थांबवला आणि जगभर बातमी झाली की हार्मोनने स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. मी म्हटलं, २६ टक्के कशावर? मूळ आकडा सांगितल्याशिवाय टक्के सांगणाऱ्या सेल्समनला मी दारातूनच परत पाठवते. मूळ आकडा असा: वर्षाला १०,००० बायकांमागे खोटी गोळी घेणाऱ्यांत ३०, हार्मोन घेणाऱ्यांत ३८. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नाही, त्या आठांत आपण असू शकतो. पण २६ ऐकून जे चित्र उभं राहतं ते हे नव्हे. शिवाय त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांनी हैराण झालेल्या पन्नाशीच्या बाईचा हिशोब त्यांच्या वहीत मांडला गेला आणि वीस वर्षं तसाच राहिला. आता सर्वसाधारण सल्ला असा की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, आणि वर सांगितलेले आजार नसले, तर त्रास असलेल्या बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त.

सासूबाईंना हे पटवायचं म्हणजे आणखी एक ऑडिट. "शरीरात हार्मोन घालायचे? त्यापेक्षा नैसर्गिक ते बरं." तेवढ्यात दीर जेवता जेवता म्हणाले, "आई, आपण द्राक्षाचे घड जीएत, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडात, बुडवतो ते काय आहे? हार्मोनच आहे. पण मात्रेचं पीपीएम चुकलं किंवा दिवस चुकला की माल गेला. वहिनींचंही तसंच असणार." अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात नीट समजलेलं वाक्य ते. आणि नैसर्गिकचं म्हणाल तर मी लावते ते इस्ट्रॅडिओलचं जेल. अंडाशय जे बनवतं तेच रसायन, कारखान्यात वनस्पतींतल्या कच्च्या मालापासून तयार केलेलं. त्या अमेरिकन चाचणीतलं इस्ट्रोजेन मात्र गाभण घोडींच्या मुतापासून काढलेलं होतं. यातलं नैसर्गिक कुठलं ते सासूबाईंनी ठरवावं.

जेल रोज दंडाला चोळायचं. कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन पहिल्यांदा लिव्हरमध्ये जात नाही, त्यामुळे गोळीने रक्ताच्या गाठीचा जो धोका वाढतो तो यात वाढलेला दिसत नाही. गर्भाशय शाबूत आहे म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची कॅप्सूलही, नाहीतर एकट्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. हे नियमाने घ्यायचं, "आज राहू दे" चालत नाही. त्या कॅप्सूलने गुंगी येते, जी मला वरकमाईसारखी वाटते. दोन्हींचा महिन्याचा खर्च आमच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी आहे.

तिसऱ्या आठवड्यात वही चारवर आली. तिसऱ्या महिन्यात दोन दिवसांत एक. पहिला महिनाभर स्तन दुखत होते, दोनदा थोडा डाग दिसला, मी घाबरून फोन केला. सुरुवातीच्या महिन्यांत असं होतं, पण नंतर कधीही दिसलं तर त्याच आठवड्यात या, असं त्यांनी बजावलं. हार्मोन घेत असा वा नसा, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसलं तर "पाळी परत आली वाटतं" म्हणून घरी बसायचं नाही. दरवर्षी तपासणी करून पुढे चालू ठेवायचं का ते ठरवायचं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसते तिला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय. तिने माझं जेल बघून विचारलं, मी म्हटलं तू नाही. त्याच डॉक्टरबाईंनी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून तिला व्हेनलाफॅक्सिन कमी मात्रेत सुरू केलं. मूळचं ते डिप्रेशनचं औषध, वाफांवरही चालतं. तिला वाटलं आपल्याला वेडी ठरवतायत. आता तिच्या निम्म्याहून कमी झाल्यात. पंख्याचं बटन आम्ही दोघी वाटून घेतो.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस केलं. कोरडेपणा. त्यामुळे संबंधांत दुखणं, सारखं लघवीला लागणं, जळजळ. मला वर्षात दोनदा लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक दिलं गेलं होतं आणि कुणी मूळ विचारलं नव्हतं. वाफा बऱ्याच जणींच्या काही वर्षांनी ओसरतात. हे ओसरत नाही, वाढत जातं. त्यासाठी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. मात्रा अगदी थोडी, रक्तात जवळजवळ उतरत नाही, आणि वारंवार होणारं इन्फेक्शनही त्याने कमी होतं.

हे सगळं झाल्यावर मी आईला फोन केला. ती सिन्नरला भावाकडे असते, ७६ वर्षांची आहे. विचारलं, तुला काय झालं होतं गं त्या वेळी? मला आठवतं ते एवढंच की ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना मध्येच उठून आत जायची आणि आम्हाला वाटायचं, चिडली.

"मी माठाला गाल लावून बसायचे," आई म्हणाली. "एका बाजूचा थंड झाला की दुसरा."

मी जेलचं आणि क्रीमचं सांगितलं. तिने विचारलं, जेल मला चालेल का. नाही म्हटलं, तुझ्या वयाला ते नव्याने सुरू करत नाहीत. ती बरं म्हणाली. मग थोडा वेळ गप्प. मग, भाऊ खोलीत नसावा, आवाज अगदी खाली आणून, "ते जळजळीचं क्रीम म्हणालीस, ते म्हातारीला देतात का?"

देतात. गुरुवारी तिला घेऊन जाणार आहे.