मुद्दल आणि व्याज

परवा दुपारी लक्ष्मीपुरीतल्या एका पतसंस्थेत बाबांच्या ठेवीची पावती रिन्यू करायला गेलो तर जेवणाची सुट्टी चालू. समोर बोर्ड, 'ठेवीवरील व्याजदर'. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तोच वाचत बसलो आणि एकदम शाळेतला व्याजस्तुती अलंकार आठवला. वरून स्तुती, आतून निंदा. आमचे सर उशिरा येणाऱ्याला "या राजे, फारच लवकर आलात" म्हणायचे आणि लगेच बाकीच्यांना, हे उदाहरण लिहून घ्या.

म्हणजे संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. निर्व्याज प्रेम म्हणतो आपण ते त्यातलंच, बिनव्याजी कर्जाशी त्याचा काही संबंध नाही. हा शब्द पैशाला ज्यानं चिकटवला त्यानं कर्ज फेडलेलं असणार हे नक्की. कारण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याला वृद्धी म्हटलंय, किती सोज्वळ! महिन्याला शंभर पणावर (पण म्हणजे तेव्हाचं नाणं) सव्वा पण हा धर्माचा दर, व्यापाराला पाच, रानावनातनं जाणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जितका धोका तितका दर. आणि हिशोब महिन्याचा, शेकड्यावर. आपल्याकडं अजून खाजगीत कोण "तीन टक्क्यानं घेतलेत" म्हणाला की ते महिन्याचेच, वर्षाचे छत्तीस, हे कोल्हापुरात कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. ती बिचारी वृद्धी आता तेवढी चक्रवाढीत उरलीय, म्हणजे नको तिथंच.

आज्जीला यातलं काही ठाऊक असायची गरज नव्हती. ऊसबिल आलं की सोसायटीचं कर्ज आधीच कापून गेलेलं असायचं, उरलेल्या नोटा ती अंगठा जिभेला लावून दोनदा मोजायची, सावकाराचं नाव निघालं की "व्याजाला रात न्हाई आन् दिस न्हाई" म्हणून पदराची गाठ आणखी आवळायची. आणि तीच आज्जी मला मांडीवर घेऊन गुळाचा खडा तोंडात घालत येईल त्याला सांगायची, "मुद्दलापेक्षा व्याज प्यारं बाबा."

आता हे प्रेम निर्व्याज म्हणावं तर व्याज मीच की. आणि मुद्दल म्हणजे आमचे बाबा, ते तिथंच सोप्यात चहा फुंकत बसलेले असायचे, त्यांना काय गूळ मिळाला नाही कधी.