भोंगा कसा काढायचा?

माझ्या कॉमिक्सच्या अठ्ठेचाळीस पानांपैकी एकतीस झाली. म्हणजे लिहून झाली, चित्रकाराच्या हातात गेली आणि परत आली नाहीत. 'परत आली नाहीत' हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पहिल्या वर्षी जे जे पाठवलं ते सगळं परत आलं होतं.

गोष्ट माझ्या आजीच्या खानावळीची. लालबागला चाळीतली एक खोली, गिरणीत तीन पाळ्यांत काम करणारे कोकणातले गडी आणि महिनाअखेरीला हिशेब. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आजीकडचे जेवणारेही त्यांतलेच. पगार बंद, पण भूक कुठे संपावर जाते! या बाईने पुढचे महिने काय केलं, एवढंच मला कॉमिक्समध्ये सांगायचं होतं.

मी कथा लिहीत आलेली बाई. पहिल्या पानाच्या पहिल्या चौकटीसाठी लिहून पाठवलं, 'आजी उठते, स्टोव्ह पेटवते, दार उघडून जिन्याकडे बघते.' चित्रकाराचा कोल्हापुरातून फोन आला, "ताई, एका चौकटीत तीन आज्या काढू का?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याचं बरोबर होतं. चौकटीत क्रियापद एकच मावतं, आणि तेही अर्धवट: उठलेली नाही, उठत असलेली. कोणती अर्धी क्रिया दाखवायची आणि कोणती दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत वाचकावर सोडायची, हे ठरवण्यातच माझे आठ महिने गेले.

मग फुग्यांची, म्हणजे पात्रांचं बोलणं ज्यात लिहितात त्यांची, भानगड. इंग्रजी कॉमिक्समध्ये अक्षरं बहुधा सगळी कॅपिटल, एका उंचीची. आपल्याकडे वर वेलांट्या, रफार, मात्रा आणि खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. त्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते, फुगा फुगतो आणि चित्रातल्या माणसाचं डोकं झाकतो. शेवटी मीच नियम केला, एका फुग्यात वीस शब्दांच्या वर नाही. संप सुरू झाल्यावर आजी एका पोराला समजावते ते बोलणं मी दीड पान लिहिलं होतं. आता तिथे एवढंच आहे: "पैशे मागसून दी. आदी जेव." मालवणी ठेवावं की नाही यावर आम्ही भांडलो. ठेवलं.

मधे दोन महिने काम ठप्प होतं. तेव्हा गावी गेले होते, तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन आले. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाण्याची कला, लहानपणी नुसती ऐकून माहीत होती. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात फोटो पाहिला, तेवढाच संबंध. त्यांच्या घरच्या संग्रहालयात पोथ्या समोर ठेवून बसले. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा गठ्ठा, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एकेक चित्र उभं धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीत गातो. चित्र हलत नाही, आवाज हलतो. एका चित्रावर तो कितीही वेळ थांबू शकतो. माझ्याकडे नेमकं उलटं. माझा आवाज कागदावर गोठलेला आणि हलायचं ते चित्रांनी. हे तिथे बसल्या बसल्या कळलं असं नाही. परतीच्या कोकणकन्येत झोप येईना, तेव्हा कळलं.

त्या प्रवासाने भोंग्याचा प्रश्न सोडवला. गिरणगावात दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा, आणि मला दाखवायचं होतं ते भोंगा न वाजणं. 'आज भोंगा वाजला नाही' असं लिहिणं म्हणजे हरणं. म्हणून पहिल्या पंधरा पानांवर सगळ्यात वरती, चौकटींच्याही बाहेर, एक आडवी पट्टी ठेवली. तिच्यात कडेपासून कडेपर्यंत 'भोंऽऽऽ'. वाचकाला तिसऱ्या पानापासून ती दिसेनाशी होते, रोजच्या आवाजासारखी. पंधरावं पान उजव्या हाताचं. ते उलटलं की सोळाव्यावर पट्टी आहे, अक्षर नाही. खाली आजी पोळपाटावर थबकलेली. फुगा नाही, काही नाही.

आवाजांचं एक सांगायलाच हवं. मराठीत आवाज काढायला शब्दांची ददात नाही. फोडणीचा चर्र, भांड्याचा ठण्ण, स्टोव्हचा सूंऽ. घोळ होतो तो 'कन'वाल्यांचा. 'धाडकन' चित्रात लिहिलं की ते आवाज न राहता क्रियाविशेषण होतं. आम्ही सगळे 'कन' कापले.

सध्या माझ्या टेबलावर शि. द. फडणिसांची व्यंगचित्रं पसरलेली असतात. शब्दाविना हसवणाऱ्या माणसाकडून शब्द कापायला शिकतेय, बाकी अभ्यास वगैरे काही नाही. रात्री कानाला नारदीय कीर्तन. पूर्वरंगात बुवा अभंग उलगडत बसतात, नमनाला घडाभर तेल, आणि उत्तररंगात आख्यान सुरू झालं की कसे सुटतात! माझी पहिली पंधरा पानं जरा संथ आहेत, असं एक मैत्रीण म्हणाली. मी तिला पूर्वरंग समजावून सांगितला. तिला पटलं नाही.

चोविसावं आणि पंचविसावं ही समोरासमोरची पानं म्हणजे आजीची हिशेबाची वहीच आहे. चौकटी नाहीत, नुसती नावं आणि बाकी. पुढे पुढे नावांसमोर 'गावी गेला' असं येत जातं. ती दोन पानं मी एका दुपारी लिहिली, आणि अख्ख्या पुस्तकात मला तीच सगळ्यात आवडतात.

आता बत्तिसावं. एकतिसाव्याच्या शेवटच्या चौकटीत आजी रॉकेलचा रिकामा डबा उलटा करून बघते. पान उलटल्यावर काय, हे मला माहीत आहे. पण काल चित्रकाराने विचारलं, "ताई, रॉकेल संपल्यावर त्या पेटवायच्या काय? चाळीत चूल चालायची?" मला सांगता येईना. मावशीला फोन लावलाय, ती दुपारची झोपलीय.